अण्णांचे घरोघरचे विद्यापीठ

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मी शाळेत असताना वाचले होते. शाळेत वाचतात तेवढेच. जन्म कोकणात, विधवेशी विवाह, हिंगण्याचा आश्रम, भारतरत्न आणि १०४ वर्षांचे आयुष्य. पाच गुणांच्या प्रश्नाला एवढे पुरत असे, म्हणून ते पाठ झाले आणि परीक्षेनंतर विसरलेही. त्यांच्याकडे मी पुन्हा वळले ती आमच्या मोठ्या आईमुळे.

मोठे बाबा गेले तेव्हा मोठ्या आईचे शिक्षण नववीपर्यंत झालेले होते. पदरी दोन मुले आणि कोरडवाहू वावर. कळंबहून रोज कॉलेजला जाणे तिच्या वयालाही शोभणारे नव्हते, असे घरचेच म्हणत, आणि खिशाला तर परवडणारे नव्हतेच. २०१२ साली तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला. बारावी न झालेल्यांना तेव्हा त्या वाटेने बी. ए.ला जाता येई. पुस्तके घरी, अभ्यास कापूस वेचून आल्यावर रात्री, आणि सुट्टीच्या दिवशी एस. टी.ने यवतमाळच्या अभ्यासकेंद्रावर. मी तेव्हा लहान होते. तिच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर मी चित्रे काढीत असे, हे ती अजून सर्वांना सांगते. यथावकाश पदवी हाती आली. ती घेऊन एका कार्यालयात ती अर्ज द्यायला गेली, तर तिथल्या माणसाने प्रमाणपत्र उलटसुलट पाहून, ही घरबसल्याची पदवी आहे असा शेरा मारला आणि अर्ज बाजूला ठेवला. कायद्याने ती पदवी इतर पदव्यांइतकीच पक्की होती. अर्ज मात्र बाजूलाच राहिला.

मुक्त विद्यापीठ नाशिकला १ जुलै १९८९ रोजी सुरू झाले. त्याचा कायदा विधिमंडळाने केला; त्याची अभ्यासकेंद्रे बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांच्याच महाविद्यालयांत भरतात; त्याचे विद्यार्थी कुठे तरी काम करीत असतात, तेव्हा मालकाने रजा दिली तर ते परीक्षेला बसणार. म्हणजे असे विद्यापीठ सरकार, धंदा आणि समाज या तिघांच्या खांद्यावर हात ठेवूनच चालू शकते. तिघांपैकी एकाने खांदा काढून घेतला की काय होते, ते मोठ्या आईने पाहिले. ही गोष्ट मनात घेऊन मी ग्रंथालयात बसले आणि मागे मागे जाता १९१६ साली येऊन थांबले. तिथे अण्णा कर्वे होते.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे आजोळी झाला. घर मुरूडचे, परिस्थिती बेताची. त्यांच्या बालपणाबद्दल फार लिहीत नाही. पण १८७५ सालची एक हकिकत सोडवत नाही. त्या काळी सरकारी नोकरीसाठी इयत्ता सहावीची परीक्षा असे आणि ती द्यायला साताऱ्याला जावे लागे. मुरूड ते सातारा शंभरावर मैल, मध्ये कुंभार्ली घाट, आणि दिवस पावसाचे. हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला. चिखल तुडवीत, अंधारात घाट चढून तो साताऱ्याला वेळेवर पोहोचला. परीक्षा समितीने त्याच्याकडे पाहिले. अंगाने किरकोळ, चेहरा लहान मुलाचा. हा सतरा वर्षांचा असूच शकत नाही असे ठरवून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो तसाच परत गेला आणि पुढच्या खेपेला कोल्हापूरला परीक्षा देऊन पास झाला.

परीक्षेच्या दारातून परत पाठविलेल्या माणसाला काय वाटते, हे ज्याला अंगावर कळले आहे त्यानेच पुढे परीक्षा घरापर्यंत नेली, असा संबंध मी जोडते. अण्णांनी स्वतः तो जोडला होता असा माझा दावा नाही.

पुढे ते मुंबईला गेले. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, शिकवण्या केल्या, मुलींच्या शाळांतून गणित शिकविले. याच काळात त्यांनी एक लहानसे काम केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. १८८६ साली त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. मुंबईत नोकरीला असलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला अगदी थोडा वाटा गावाच्या कामासाठी काढून ठेवावा, एवढीच योजना. रक्कम लहान, पण नियमित. देणारे पुष्कळ, आणि हिशेब चोख. पुढच्या सत्तर वर्षांत त्यांनी जी जी संस्था उभी केली तिच्या मुळाशी हाच फंड आहे. आज आपल्याकडचे महिला बचत गट ज्या रीतीने चालतात, ती रीत या गणिताच्या मास्तरांना तेव्हाच उमगली होती.

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे रघुनाथ हा मुलगा होता, जो पुढे संततिनियमनाचा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध झाला आणि बापापेक्षाही जास्त शिव्या खाऊन गेला. त्याच वर्षी अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. एल्फिन्स्टनमधले त्यांचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले तिथे होते. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’. या विवाहामुळे मुरूडने अण्णांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने.

१८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला एका झोपडीत हलविला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे, आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचे. रस्ता कसला, चिखलच तो. स्वतःची शिल्लक आश्रमाला दिली. विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांना ते मुळीच आवडले नाही. मुलांच्या आईला ते आवडणार तरी कसे? चरित्रकार हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र तो वाचताना बायांची बाजू खरी वाटली.

येथे अण्णांच्या एका वागण्याचा उल्लेख करणे भाग आहे, कारण त्यावरून पुढचे सगळे कळते. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते चिटणीस होते. पण आश्रमाला पैसे देणारे अनेक लोक असे होते की ज्यांना विधवेचे शिक्षण मान्य होते, विवाह नव्हता. दोन्ही कामे एकाच माणसाने केली तर आश्रम बंद पडेल हे ओळखून त्यांनी विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. सुरुवातीला आश्रमात प्रवेशही ब्राह्मण विधवांनाच होता. यावर त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी होती असे मला म्हणवत नाही. कळंबसारख्या गावातली माझ्या घरची बाई त्या काळी हिंगण्याच्या दारात गेली असती तर तिला आत घेतले गेले नसते. समाजाशी भागीदारी करायची म्हणजे समाजाचे दोषही काही काळ पोटात घालायचे, असा त्यांचा हिशेब होता. आगरकरांच्या स्वभावाच्या माणसाने तो मान्य केला नसता. पण अण्णा भांडणारे नव्हते, चालणारे होते.

१९१५ साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. भाषणाची तयारी करताना त्यांना एक पुस्तिका आठवली. जपानमधील महिला विद्यापीठाची ती माहिती कोणी तरी त्यांना पूर्वी पाठविली होती आणि त्यांनी ती चाळून ठेवून दिली होती. ती पुन्हा वाचली आणि त्यांचे भाषणच बदलून गेले. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, हा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला. तेव्हा वय सत्तावन्न. फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन झालेले एक वर्ष. आपल्याकडे या वयात माणसे पेन्शनचे कागद जुळवितात.

जून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. कॉलेजात विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. सरकारचा पैसा नाही, सरकारची मान्यता नाही. सिनेट निवडण्याचा अधिकार वर्गणी देणाऱ्या पदवीधरांना आणि देणगीदारांना दिलेला. म्हणजे मुरूड फंडाचेच मोठे रूप, पैसा देणाराच मतदार. विद्यापीठाच्या कारभारात समाजाला असे बसवून घेण्याची ही रीत मला आजही नवी वाटते.

या विद्यापीठाचे दोन विशेष होते. पहिला म्हणजे शिक्षण मातृभाषेतून. मराठी मुलीने मराठीतून शिकावे, गुजराती मुलीने गुजरातीतून. इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. मातृभाषेच्या मुद्द्यावर महात्मा गांधी त्यांच्या बाजूचे होते, इंग्रजीच्या सक्तीबाबत त्यांचे मत वेगळे होते. अण्णांनी दोघांचेही, म्हणजे गांधीजींचे आणि इंग्रजीवर विसंबलेल्या सुशिक्षितांचे, ऐकून घेतले आणि आपलेच केले. दुसरा विशेष आमच्या विषयाचा. ज्या बाईला कॉलेजात येऊन राहता येत नाही तिने घरी अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे, अशी सोय या विद्यापीठाने ठेवली. कोणाला सासू सोडत नव्हती, कोणाचे मूल अंगावर होते, कोणाच्या गावाहून पुणे आठ दिवसांच्या वाटेवर वाटावे इतके लांब होते. अशा बाईसाठी विद्यापीठाने आपला उंबरठा तिच्या घराशी नेला. त्या वेळी दूरशिक्षण हा शब्द नव्हता, वस्तू होती.

पदवीची नावे ऐकून मित्रमैत्रिणींना गंमत वाटेल. बी. ए.ऐवजी ‘गृहीतागमा’ आणि एम. ए.ऐवजी ‘प्रदेयागमा’. अर्थ सरळ आहे: जिने विद्या घेतली ती, आणि जी विद्या देऊ शकते ती. नावे भारदस्त, पण सरकारी दप्तरात त्यांना किंमत नव्हती. गृहीतागमा झालेली बाई नोकरीला गेली तर ही पदवी कुठली, असा प्रश्न तिला विचारला जाई. अभ्यासक्रम सोपा आहे, घरकामाचे शास्त्र शिकवून विद्यापीठ म्हणवितात, असेही लोक बोलत. गृहजीवनशास्त्र सक्तीचे आणि गणित ऐच्छिक, ही योजना एका गणिताच्या प्राध्यापकाने करावी हे मलाही पटत नाही. पण घरी बसून शिकलेली म्हणून ती कमी शिकली, हे जे म्हणणे आहे ते त्या काळापासून आजच्या कार्यालयापर्यंत जसेच्या तसे चालत आले आहे.

आता पैशाची गोष्ट. वर्गणीवर विद्यापीठ चालणे कठीण होते. अण्णा झोळी घेऊन हिंदुस्थानभर फिरले. पंजाबपासून दक्षिणेपर्यंत जो देईल त्याच्याकडून, जेवढे देईल तेवढे घेतले. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ते जपानला जाऊन तिथले महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून आले होते, त्यामुळे अण्णा काय म्हणतात ते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. या रकमेच्या साडेतीन टक्के व्याजाचे वर्षाला ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळणार होते. वऱ्हाडचा कापूस तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत जाई. त्या पंधरा लाखांत आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांचाही काही वाटा असेल, असे मी मनाशी धरून चालते.

व्यापारी माणूस पैसा देतो तेव्हा अटीही घालतो, आणि त्यात गैर काही नाही. अट पहिली, विद्यापीठाला शेठजींच्या मातोश्रींचे नाव द्यायचे. ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले, आपण एस. एन. डी. टी. म्हणतो ते हेच. अट दुसरी, विद्यापीठाचे मुख्य ठिकाण पुढे मुंबईला न्यायचे. हिंगण्याच्या माळावर ज्यांनी दगड वाहिले त्यांना हे जड गेले असणार. तरी १९३६ साली विद्यापीठ मुंबईला गेले. अण्णांनी नाव दिले, गाव दिले. मातृभाषा आणि घरी अभ्यास करणारीची सोय या दोन गोष्टी मात्र त्यांनी हातच्या सोडल्या नाहीत. माझ्या मते त्यांचे सारे व्यवहारचातुर्य या एका सौद्यात दिसते. काय द्यायचे आणि काय राखायचे हे ज्याला आधी ठरविता येते, त्याने श्रीमंताच्या दारात जायला हरकत नाही. ज्याला ते ठरविता येत नाही तो देणगीबरोबर स्वतःही जातो. (आपल्या जिल्ह्यातील उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत; मी देत नाही.)

एवढ्याने अण्णा थांबले नाहीत. १९२९ साली, वय वर्षे एकाहत्तर, ते जगाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असे फिरत त्यांनी शिक्षणाच्या परिषदांत आपल्या विद्यापीठाची माहिती सांगितली आणि बर्लिनला आइन्स्टाइनची भेट घेतली. परत येऊन थोडे बसले, आणि १९३० च्या अखेरीस आफ्रिकेला गेले. तिथे स्थायिक झालेल्या हिंदी व्यापाऱ्यांकडून, त्यांत गुजराती पुष्कळ, त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमविला. वर्षभराहून अधिक काळ ते तिकडे होते.

राहिला तिसरा भागीदार, सरकार. त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. परकी सरकार होते तोवर मान्यता मिळाली नाही, आणि अण्णांनी त्यासाठी आपला अभ्यासक्रमही बदलला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १९५१ पासून विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला. कुलगुरू झाल्या त्या प्रेमलीला ठाकरसी, म्हणजे सर विठ्ठलदासांच्या पत्नी. १९१६ ते १९५१ म्हणजे पस्तीस वर्षे. त्या पस्तीस वर्षांत ज्या बायका गृहीतागमा झाल्या, त्यांनी सरकार ओळखत नाही अशा पदवीसाठी चुलीपाशी बसून अभ्यास केला. अण्णांचे पुतळे पुष्कळ ठिकाणी आहेत. या बायकांची नावे मला एका ठिकाणी मिळाली नाहीत.

सरकारची भागीदारी मिळाली की बाकीच्यांची गरज उरत नाही, असे आज अनेकांना वाटते. वर्गणीदार मागे पडतात, मतदार कमी होतात, आणि विद्यापीठ मंत्रालयाकडे तोंड करून बसते. अण्णांच्या पद्धतीत हे बसत नव्हते. विद्यापीठ मार्गी लागल्यावर, १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ काढले. ज्या गावात लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. पैसा कुठून? आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून काही रक्कम स्वतः दिली आणि बाकीच्यासाठी हा म्हातारा पुण्यात घरोघर, दुकानोदुकान फिरू लागला. आणे-दोन आणे मिळाले तरी पावती. म्हणजे पंधरा लाख घेतलेला माणूस पुन्हा मुरूड फंडावर आला. १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. हिंगण्याच्या पहिल्या दिवसांत जे राहून गेले होते त्याची ती भरपाई असावी, असे मला वाटते.

पुढचा मानसन्मानांचा भाग शाळेत पाठ केलेलाच आहे. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी नाशिकचे मुक्त विद्यापीठ उघडले. आणि त्याच्या एका अभ्यासकेंद्रावर आमची मोठी आई पिशवीत भाकर बांधून जाऊ लागली.

हा लेख मी संपादक सरांकडे देण्याआधी तिला वाचून दाखविला. कुंभार्ली घाटाच्या ठिकाणी तिने काम थांबविले. विम्याच्या पॉलिसीवर ती रागावली आणि बायांचे पुढे काय झाले असे तिने विचारले. मी सांगितले, की बायांनीही पुढे ‘माझे पुराण’ या नावाने आपली हकिकत लिहिली आणि ते पुस्तक मी तिला आणून देणार आहे. गृहीतागमा हा शब्द तिने दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या खेपेला नीट जमला. मग चिंतामणीच्या देवळामागे बचत गटाच्या बाया वाट पाहत आहेत म्हणून हिशेबाची वही काखेत मारून ती निघून गेली. तिचा तो अर्ज तिने या महिन्यात पुन्हा दिला आहे. सोबत विद्यापीठाच्या कायद्याची प्रत मी जोडली आहे.